संशयाच्या काळातले शास्त्रप्रामाण्य

शास्त्रप्रामाण्य म्हणजे बायबलमधून देव बोलतो, आणि म्हणून श्रद्धा व आचरण यांविषयी त्या ग्रंथाचा शब्द माणसावर बंधनकारक आहे, ही ख्रिस्ती धारणा. तो शब्द एकट्या शास्त्राचा मानायचा की ख्रिस्तसभेच्या परंपरेच्या सोबतीने घ्यायचा, यावर सोळाव्या शतकापासून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात मतभेद आहे. बोलणारा देव आहे, याविषयी मात्र नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात जे मांडले आणि १९७८ साली शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी शास्त्राच्या निर्दोषत्वाविषयी जे निवेदन काढले, त्यांत शब्दांचा आणि व्याप्तीचा मोठा फरक आहे. पाया दोन्हींचा एकच.

मराठी वाचकाला हा विषय अगदी परका नाही, कारण ‘प्रामाण्य’ हा शब्दच त्याच्याकडे भारतीय दर्शनांतून आला आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. यांतला शब्द म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे. जो विषय जाणतो आणि जसा जाणला तसाच सांगतो, त्या आप्ताचे बोलणे. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले. वेदांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्यांना लागत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. नैयायिकांना तो पटला नाही. त्यांनी वेदांचे प्रामाण्य वक्त्यावर, म्हणजे ईश्वरावर, टेकवले. ख्रिस्ती धारणा या दुसऱ्या वाटेच्या जवळची आहे. तिच्यात विश्वास आधी बोलणाऱ्यावर बसतो आणि मग त्याच्या बोलण्यावर. आई सांगते म्हणून मूल आपला जन्मदिवस खरा मानते. जन्माचा दाखला ते पुष्कळ पुढे पाहते.

पण एका बाबतीत ही धारणा नैयायिकालाही अनोळखी वाटेल. बायबलला माणसांचे हात लागले आहेत, आणि ते ग्रंथाने लपवलेले नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की त्याने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध घेतला. पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना आपण कोणाकोणाचा बाप्तिस्मा केला ते आठवू लागतो, आधी एक उत्तर देतो, मग स्तेफनाच्या घरच्यांची आठवण होऊन ते दुरुस्त करतो, आणि आणखी कोणी असल्यास आठवत नाही असे मोकळेपणाने कबूल करतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्रोवस इथे राहिलेला झगा आणि चर्मपत्रे घेऊन येण्याचा निरोप आहे. थंडीचा झगा मागणारे पत्र देवाचे वचन कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

नव्या कराराचे उत्तर दोन प्रतिमांत सापडते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेखासाठी वापरलेल्या ग्रीक विशेषणाचा शब्दशः अर्थ ‘देवाने श्वसलेला’ असा होतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात संदेष्टे पवित्र आत्म्याकडून वाहून नेले जात होते असे म्हटले आहे, आणि तिथले क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत वादळी वाऱ्याने वाहत नेलेल्या गलबतासाठी आलेले आहे. वारा गलबत चालवतो, पण गलबताचे लाकूड, शिडे आणि खलाशी आहेत तसेच राहतात. शब्द देही झाला असे मानणाऱ्या श्रद्धेला देवाचे वचन माणसाच्या भाषेत, त्याच्या विसरभोळेपणासकट, यावे यात विसंगती वाटत नाही. शास्त्राचे मानवीपण हा त्याच्या प्रामाण्याला लागलेला डाग समजणारा वाचक, मग तो भक्त असो की टीकाकार, ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशीच चुकतो.

संशयाचे पहिले ठिकाण म्हणजे ग्रंथांची यादी. कोणती पुस्तके शास्त्र आणि कोणती नाहीत हे कोणी ठरवले? नव्या करारातल्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी आलेक्झांड्रियाच्या अथानासियसने इसवी सन ३६७ मधल्या आपल्या पत्रात दिलेली आढळते. म्हणजे प्रेषितांच्या काळापासून तोवर जवळपास तीनशे वर्षे गेली होती. त्याआधी, दुसऱ्या शतकात, मार्कियनने जुना करार पूर्ण टाकून देऊन लूकचे काटछाट केलेले शुभवर्तमान आणि पौलाची काही पत्रे एवढेच ठेवले, तेव्हा मंडळ्यांना आपण काय वाचतो याचा विचार करावा लागला. चार शुभवर्तमाने आणि पौलाची पत्रे तेव्हाच दूरदूरच्या मंडळ्यांत वाचली जात होती. वाद राहिला तो इब्री लोकांस पत्र, प्रकटीकरण, पेत्राचे दुसरे पत्र अशा काही पुस्तकांपुरता. एका सभेत मतदान होऊन बायबल बनले, ही आज सर्रास ऐकू येणारी गोष्ट इतिहासाला धरून नाही. जुन्या कराराच्या सीमेवर मात्र एकमत झाले नाही. वसईच्या कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात आणि अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरातल्या बायबलमध्ये ६६, आणि ही तफावत ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली दिलेल्या निर्णयाशी जोडलेली आहे.

दुसरा संशय पाठाविषयी. मूळ हस्तलेख एकही उरलेला नाही. आहेत त्या नकला, आणि नक्कल करणारा माणूस चुकतो. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते नोंदलेली आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा एक छोटा तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे, आणि तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानला जातो. चौथ्या शतकातल्या ‘सिनायटिकस’ या पोथीत नवा करार संपूर्ण आहे. जुन्या कराराबाबत १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांनी मोठीच सोय केली. तिथली यशयाची गुंडाळी तोवर उपलब्ध असलेल्या इब्री पोथ्यांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. पाठभेद तिच्यात पुष्कळ आहेत, पण ओळखू न यावा असा वेगळा यशया तिच्यात नाही.

इतक्या पोथ्या हाती असल्या की भेदही डोळ्यांसमोर येतात. मार्कच्या शेवटच्या अध्यायातल्या अखेरच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या पूर्ण पोथ्यांत नाहीत. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची योहानातली कथाही प्राचीनतम हस्तलिखितांत आढळत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातले त्रैक्याविषयीचे प्रसिद्ध वाक्य जुन्या ग्रीक पोथ्यांत नसल्यामुळे इरॅस्मसने १५१६ च्या छापील ग्रीक नव्या करारातून गाळले, आणि दबाव आल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातले. या गोष्टी श्रद्धावंतांपासून दडवून ठेवण्याची प्रथा घातक आहे. तरुण ख्रिस्ती माणसाला त्या मंडळीतल्या बायबल अभ्यासात कळल्या तर ती माहिती असते. एखाद्या व्हिडिओतून परक्या आवाजात कळल्या तर तो विश्वासघात वाटतो. हे भेद सांभाळणारे, तळटिपांत नोंदवणारे विद्वान बहुतांशी श्रद्धावंतच होते, हेही त्याला सांगायला हवे.

तिसरा संशय इतिहासाचा आणि विज्ञानाचा. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या नातालचे आहे. तिथले बिशप जॉन विल्यम कोलेन्सो झुलू भाषेत बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे भाषांतर करत असताना त्यांचे झुलू सहकारी विल्यम एन्गिदी यांनी जलप्रलयाच्या कथेविषयी सरळ विचारले: हे सारे खरेच असे घडले का? कोलेन्सो भूगर्भशास्त्र वाचलेले, अंकगणिताची पाठ्यपुस्तके लिहिणारे गृहस्थ. होय म्हणणे त्यांच्या मनाला पटेना. १८६२ पासून त्यांनी पंचग्रंथाची चिकित्सा करणारे खंड प्रसिद्ध केले आणि इस्राएलांच्या लाखांच्या आकड्यांची गणिते मांडून दाखवली. इंग्लंडात खळबळ उडाली, त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालला. या प्रसंगात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की प्रश्न कोणा नास्तिकाने विचारला नव्हता. शास्त्राचे शब्द स्वतःच्या भाषेत मन लावून मांडणाऱ्या माणसाने विचारला होता.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांकडून भूगर्भशास्त्राच्या पुस्तकाचे काम करून घेऊ नये, ही सूचना मात्र कोलेन्सोच्याही चौदाशे वर्षे आधीची. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने उत्पत्तीवरच्या आपल्या भाष्यात बजावले होते की आकाश आणि ग्रहताऱ्यांविषयी शास्त्राच्या नावाने चुकीचे बोलणारा ख्रिस्ती माणूस जाणकार अविश्वासी लोकांना शास्त्रावर हसण्याचे निमित्त पुरवतो. काव्य, वंशावळ, नियम, दृष्टान्त, दर्शन, पत्र अशा भिन्न प्रकारच्या लेखनाला त्या त्या प्रकारातच खरे-खोटे लावायचे असते. तरीही सगळ्या गाठी सुटत नाहीत. येशूच्या जन्माशी लूकने जोडलेली क्विरिनियच्या वेळची नावनिशी इसवी सन ६ मधल्या ज्ञात नावनिशीशी आणि त्याआधीच्या हेरोदाच्या मृत्यूशी कशी जुळवायची, यावर विद्वानांचे एकमत नाही. शास्त्रावर विसंबणाऱ्याने अशी गाठ ओढूनताणून सुटल्याचा आव आणू नये. आप्ताच्या एखाद्या वाक्याचा मेळ आज लागत नाही म्हणून कोणी त्याचे आप्तत्व काढून घेत नाही, आणि मेळ लागल्याचे खोटेही सांगत नाही.

महाराष्ट्रात हा सारा वाद एकोणिसाव्या शतकात मोठ्या धारेने चालला, आणि तो एकतर्फी नव्हता. मिशनऱ्यांनी वेद-पुराणांवर टीका केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांनी टॉमस पेनसारख्या युरोपीय टीकाकारांची हत्यारे बायबलवर चालवली. १८६७ साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही एक ग्रंथ ईश्वरप्रणीत व सर्वस्वी प्रमादरहित नाही असे तत्त्वच स्वीकारले. शब्दप्रामाण्य विरुद्ध बुद्धिप्रामाण्य ही जोडी मराठी सुशिक्षितांच्या बोलण्यात रुळली. मराठी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा या हवेत वाढली आहे. बाबा पदमनजी ख्रिस्ती होण्याआधी परमहंस सभेत वावरले होते. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसाने नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले. संशयाला भेटल्यावाचून शास्त्रापर्यंत पोहोचलेला माणूस त्या पिढीत विरळाच.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची वाट सर्वांत वळणाची. काशीत वाढलेल्या या पंडितांनी तरुणपणी मिशनऱ्यांच्या मतांचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे तेच १८४८ साली ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले गेले, आणि त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. इथे गोष्ट सरळ संपत नाही. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत या विद्वान, तपस्वी माणसाला शंकांनी पुन्हा पुन्हा गाठले, आणि त्यांनी ते झाकले नाही. त्यांची श्रद्धा त्यामुळे कमी प्रतीची ठरवणारा माणूस शास्त्र नीट वाचत नसावा.

कारण संशय शास्त्राच्या आतच आहे. ईयोब देवाला जाब विचारतो. हबक्कूक अन्याय पाहून किती काळ असेच चालणार म्हणून आरोळी मारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते. आजारी मुलाचा बाप येशूपुढे आपला विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात कबूल करतो, आणि त्याचे मूल बरे होते. थोमाला जखमा दाखवल्या जातात. बिरुयातले यहुदी पौलाचे बोलणे खरे की नाही हे रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि लूक त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हणतो.

तर्काच्या दृष्टीने सर्वांत कठीण आक्षेप निराळाच आहे. शास्त्र खरे, कारण ते देवाचे. आणि ते देवाचे, कारण शास्त्र तसे सांगते. यात उघड अन्योन्याश्रय दोष आहे. जॉन कॅल्विनने यावर दिलेले उत्तर असे, की शास्त्र आपले प्रामाण्य स्वतःच वाहते आणि वाचणाऱ्याच्या अंतःकरणातली पवित्र आत्म्याची साक्ष ते पटवते. बाहेरचे पुरावे उपयोगी खरे, पण दुय्यम. भारतीय दर्शनांच्या भाषेत हे स्वतःप्रामाण्याच्या बाजूला झुकणारे उत्तर आहे: बाधक कारण पुढे येईपर्यंत ज्ञान आपल्या जोरावर खरे ठरते, प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण मागत गेल्यास शेवटच राहत नाही. बुद्धिप्रामाण्यवाद्यालाही हाच प्रश्न आहे, कारण बुद्धी प्रमाण असल्याचे तो बुद्धीच्याच साक्षीने सांगतो.

पण ख्रिस्ती उत्तराचा कणा आणखी कुठे तरी आहे. ते येशूपाशी येऊन थांबते. शुभवर्तमाने निदान प्राचीन इतिहासाची साधने म्हणून वाचली तरी त्यांतून एक व्यक्ती उभी राहते. रानात मोह पडला तेव्हा तिने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिले. त्याच व्यक्तीने डोंगरावर बोलताना पूर्वजांना सांगितलेल्या गोष्टी स्वतःच्या अधिकाराने पुढे नेल्या, आणि शास्त्र धुंडाळूनही आपल्याकडे न येणाऱ्यांना दोष दिला. ती मरणातून उठली असा तिच्या शिष्यांचा दावा आहे. आप्त कोण, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर तीच. तिच्यावर विश्वास बसला की जुना करार तिचा म्हणून स्वीकारला जातो आणि नवा करार तिच्या साक्षीदारांचा म्हणून. वर्तुळ असे मोडते. किमान त्याला एक दार सापडते.

उरतो तो नीतीचा संशय, आणि आजच्या वाचकाला तोच अधिक बोचतो. यहोशवाच्या पुस्तकातला संहार, दास्याविषयीचे नियम, मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावे असे सांगणारा करिंथकरांस पत्रातला मजकूर. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन बायबल उघडून झाले आणि तिच्याविरुद्धचा लढाही बायबल उघडूनच झाला. कोणत्या वचनाच्या उजेडात कोणते वचन वाचायचे, हे ठरवल्याशिवाय प्रामाण्य हा शब्द पोकळ राहतो. याचा कस एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात जसा लागला तसा फार थोड्या ठिकाणी लागला असेल.

पंडिता रमाबाई संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या घरात वाढल्या. शास्त्राला शरण जाणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आईवडिलांचे दुष्काळातले हाल त्यांनी तीर्थे आणि व्रते करत पाहिले होते. कोलकात्यात व्याख्यानांसाठी धर्मशास्त्रे अभ्यासताना त्यांना आढळले की इतर बाबतींत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांच्या हीनतेवर एकमत आहेत. शब्दप्रामाण्याचा पाया तिथे खचला. सिल्चरला घरातल्या पुस्तकांत बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती लागले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथले काम दाखवले. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. हे कशाच्या बळावर, असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

एका शास्त्राचे जोखड टाकून त्या दुसऱ्याखाली गेल्या, असे त्यांच्याविषयी बोलले गेले. त्यांचा पत्रव्यवहार वाचणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. वाँटेजच्या धर्मभगिनी जेराल्डीन आणि इतरांशी त्यांचे त्रैक्य, मतांगीकार आणि बिशपांची आज्ञा यांवरून पत्रांतून वाद झाले. बायबलमध्ये दाखवा, मग मानते, अशी त्यांची भूमिका होती. क्रुसावरची लॅटिन अक्षरेसुद्धा त्यांना खटकली. ती संस्कृतात का नसावीत, असे त्यांचे म्हणणे. शास्त्राच्या अधिकाराने त्यांना माणसांच्या अधिकारापुढे उभे राहण्याचे बळ दिले. विहिरीकाठी त्या शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूच्या उजेडात बाकीचे सारे वाचायचे, ही त्यांची दिशा त्यांच्या पुढच्या कामात उघड दिसते.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात, हजारो दुष्काळग्रस्त मुली आणि विधवा यांचा संसार चालवताना, रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळातून मराठीत आणायला घेतले. मराठीत शास्त्र नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरहून नवा करार १८११ सालीच मोडी लिपीत छापून निघाला होता, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनने पुढे बरेच काम केले होते. पण विद्वानांनाच कळणारी संस्कृतप्रचुर भाषा रमाबाईंना नको होती. ज्या बायकांपासून पूर्वी शास्त्र दूर ठेवले गेले, त्यांना वाचता येईल अशी भाषा हवी होती, आणि मुळाचा शब्द सुटायलाही नको होता. या दोन हट्टांची ओढाताण त्या भाषांतरात दिसते. काही ठिकाणी वाक्य मुळाला इतके धरून चालते की मराठी अवघडते. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे सदनातल्या स्त्रिया करत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई अखेरच्या दिवसांपर्यंत मुद्रिते तपासत होत्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला. संपूर्ण बायबल त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, केडगावच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडले.